दोन कारकुनांचे एक दप्तर



भुदरगडाच्या परिसरात इतिहासावर बोलावयास उभा राहणारा वक्ता गडापासून आरंभ करतो आणि लढाईपाशी येऊन थांबतो, असा आजवरचा प्रघात आहे. तो मोडून मी आज कारकुनांच्या गोष्टी सांगणार आहे. तलवारीने मिळविलेले राज्य लेखणीने चालते, हे आपण सगळेच मान डोलावून कबूल करतो. पण ही लेखणी एका हातात कधीच नसते. एकाने लिहावयाचे, दुसऱ्याने पुढे चालवायचे, तिसऱ्याने तपासावयाचे, असा तो प्रकार असतो. आणि हे हात निरनिराळ्या वळणांचे असले, एकाच वस्तूला निरनिराळ्या नावांनी हाका मारू लागले, म्हणजे काय होते, हा आजचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका भांडणामुळे. गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी आपल्या भागीदाराला घेऊन घरी आला. दोघे मिळून एका दूध संस्थेसाठी संगणकाचा प्रोग्रॅम लिहीत होते. प्रोग्रॅम म्हणजे काय हे येथे बसलेल्या तरुणांना मी सांगण्याची गरज नाही. माझ्या वयाच्या मंडळींसाठी एवढेच सांगतो की, तो यंत्राला दिलेला लेखी हुकूमनामा असतो. सकाळी इतके लिटर दूध आले, त्याची फॅट इतकी लागली, अमुक दराने गुणा आणि दहा दिवसांचे बिल काढा, असे हुकूम एकाखाली एक लिहावे लागतात. त्यात प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावे लागते, म्हणजे पुढच्या हुकुमात त्याला त्या नावाने बोलावता येते. हे नाव काय असावे याचे यंत्राला मुळीच सोयरसुतक नाही. 'दर' म्हणा, 'गणोबा' म्हणा, यंत्र सारख्याच मुकाटपणे काम करते. सोयरसुतक असते ते दुसऱ्या माणसाला, ज्याला हे वाचावे लागते त्याला.

या दोघांपैकी एक मोठा लांबलचक नावे देणारा. म्हशीच्या दुधाचा सकाळचा दर असेल तर ते सगळे शब्द तो रोमन अक्षरांत जोडून लिहिणार, प्रत्येक हुकुमानंतर एक ओळ मोकळी सोडणार, आणि पोटहुकूम आत सरकवून लिहिणार. दुसरा काटकसरी. त्याच दराला तो 'मसद' एवढेच म्हणणार, आणि पन्नास ओळींचे काम बारा ओळींत दाटून बसवणार. माझा विद्यार्थी तावातावाने म्हणाला, "सर, ह्यानं लिवलेलं वाचायचं म्हंजे मोडी वाचायसारखं हाय. तुम्हीच वाचून दावा." त्यावर भागीदार म्हणाला, "आणि ह्याचं वाचायचं म्हंजे कीर्तन ऐकायचं, सर. एक नाव वाचून होईस्तोवर म्हैस आटती."

मी हसलो खरा. पण मोडीचा उल्लेख माझ्या मनात राहिला. कारण आयुष्याची बरीच वर्षे मी याच भांडणाचे जुने कागद वाचण्यात घालविली आहेत.

मोडी लिपी आपल्याकडे सरकारी आणि सावकारी कामात शतकानुशतके चालली, आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून गेली. ज्यांनी तो कागद पाहिला असेल त्यांना आठवेल की, कारकून आधी पानभर आडव्या ओळी आखून घेतो आणि मग त्या ओळींना अक्षरे टांगत जातो. बोरू उचलावयाचा नाही. शब्द कोठे संपला हे दाखवावयाचे नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळावयाचा नाही. शब्दांची काटछाट तर अशी की, 'मौ' म्हणजे मौजे, 'क' म्हणजे कसबे, आणि 'ता' म्हणजे कोठे तर्फ, कोठे तालुका. त्या भागीदाराचा 'मसद' या घराण्यातलाच म्हणावयाचा. कारकुनाला घाई असते. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला सगळे ठाऊक असते. मग पूर्ण कशाला लिहावयाचे?

शिवाय मोडी एक नव्हे. तिची वळणे निराळी. चिटणिशी वळण, बिवलकरी वळण, महादजीपंती वळण, रानडी वळण, अशी घराण्यांच्या आणि माणसांच्या नावांनी ती ओळखली जात. चिटणिशी वळणात मुरलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या वळणाचा कागद दिला, तर तो वाचील, पण अडखळत वाचील आणि मनातल्या मनात लिहिणाराला नावे ठेवील. आपले वळण तेवढे सुबोध आणि दुसऱ्याचे गिचमीड, हा समज लेखणीइतकाच जुना आहे.

जुन्या कारभाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे मात्र समजू नये. हेमाडपंताच्या नावावर चालणारी 'मेस्तके' आपल्याकडे होती. मेस्तक म्हणजे कारकुनाचा कित्ता: कोणाला कोणता मायना लिहावा, हिशेब कसा मांडावा, तपशील कोठे उतरावा, याचे नियम. आज प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपन्या नव्या माणसाच्या हाती असाच नियमांचा कित्ता देतात. कंस ओळीच्या शेवटी लिहावा की खालच्या ओळीवर, याबद्दलसुद्धा त्यात कलम असते, आणि त्या कलमावरून शहाणीसुरती माणसे हातघाईवर येतात. तपासणीचीही सोय जुन्या काळी होती. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत राजपत्रांतील अधिकउणे अक्षर शोधून शुद्ध करण्याचे काम सचिवाकडे होते. त्या काळच्या पत्रांच्या शेवटी 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे दिसतात. पत्र एका हाताने लिहिले गेले, ते अनेक हातांतून गेले आणि मग बाहेर पडले, याची ती खूण आहे. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने वाचून पास केल्याशिवाय चालू करावयाचा नाही, हा आजचा दंडक ऐकला तेव्हा मला त्या शेऱ्यांचीच आठवण झाली.

वळणाचे भांडण मी फार मोठे मानीत नाही. वळण डोळ्यांना त्रास देते. सवयीने तो त्रास कमी होतो. फक्त सवय असलेली माणसे शिल्लक राहिली पाहिजेत. ती राहिली नाहीत म्हणजे काय होते, हे आपण २०२३ साली पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि एकाएकी गावोगावी मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्यांचे पणजोबा त्या कागदात होते त्या पोरांना तो कागद उलटा धरला की सुलटा, हे कळत नव्हते. प्रत्यक्ष लिहिणाराने मात्र ते आपल्या शेजारच्या कारकुनासाठी लिहिले होते. पणतूचा त्याने विचार केला नव्हता. त्याने तो का करावा?

वळणाहून अवघड प्रश्न नावांचा. येथे आपल्या इतिहासात एक फार मोठा प्रयोग झालेला आहे, आणि त्याचा शेवट आपल्याच मुलखात पाहावयास मिळतो.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. तोपर्यंतच्या कारभाराची भाषा फारसीने भरलेली होती. नवे राज्य झाले, तेव्हा नावेही आपली असावीत असे महाराजांच्या मनात आले. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, वाकनिसाला मंत्री, डबिराला सुमंत, सरनोबताला सेनापती, अशी नावे ठरली. एवढ्यावर न थांबता रघुनाथपंडिताकडून 'राज्यव्यवहारकोश' तयार करविण्यात आला. दहा वर्ग, सुमारे चौदाशे शब्द. दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, पण्यवर्ग आहे, आणि खास आमच्या कारकुनांसाठी लेखनवर्गही आहे. दरबारी फारसी शब्द घ्यावयाचा आणि त्यासमोर संस्कृत प्रतिशब्द ठेवावयाचा. सबंध राज्याच्या कारभाराची नावे एका हुकुमाने बदलण्याचा इतका व्यवस्थित प्रयत्न त्या काळात दुसरीकडे झालेला मला ठाऊक नाही.

मग झाले काय? अमात्य हे नाव टिकले. सचिव टिकले, सेनापती टिकले. पण पेशवा हा पेशवाच राहिला. पुढे शंभर वर्षे सबंध हिंदुस्थान त्याला त्याच नावाने ओळखत होता. फडणीस फडणीसच राहिला. हवालदार, सबनीस, कारखानीस, जमाबंदी, वसूल, बाकी, यांतले काहीही हलले नाही. आणि या गोष्टीचा सर्वांत चांगला साक्षीदार आपल्या शेजारचा आहे: बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य. राज्याभिषेकसमयी अमात्यपदाची नवी वस्त्रे ज्यांना मिळाली त्यांच्यात हा तरुण होता. नव्या नावांचा कोश त्याच्या डोळ्यांसमोर झाला. पुढे संकटाच्या काळात राजाराम महाराजांनी या संस्कृत नावाच्या अमात्याला किताब दिला तो 'हुकमतपनाह', म्हणजे अस्सल फारसी वळणाचा! आणि १७१५ च्या सुमारास त्याने कोल्हापूरच्या गादीसाठी 'आज्ञापत्र' लिहविले, तेव्हा गडाच्या प्रकरणात कोणाची नावे आहेत? हवालदार, तटसरनोबत, सबनीस, कारखानीस. कोशातले शब्द त्याला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण गडावरचा माणूस ज्या नावाने दुसऱ्याला हाक मारतो, त्याच नावाने हुकूम लिहिला तर तो पाळला जातो, हे त्या मुरलेल्या कारभाऱ्याने ओळखले होते.

काही विद्वान यावरून कोशाचा प्रयत्न फसला असे म्हणतात. मला ते पटत नाही. वरच्या आठ जणांची नावे बदलणे सोपे होते, कारण ती माणसे आठच होती आणि रायगडावर एकत्र बसत होती. खालच्या हजारो कारकुनांची जीभ बदलावयास एक पिढी लागली असती, आणि राज्याभिषेकानंतर महाराजांना सहाच वर्षे मिळाली. पुढे तर राज्यच घोड्याच्या पाठीवर गेले. धावत्या माणसाने दप्तराची नावे बदलावयाची नसतात. आजचे प्रोग्रॅम लिहिणारेही, काम अंगावर आले असता जुनी नावे तशीच ठेवतात आणि सवड मिळाली म्हणजे बदलू, असे एकमेकांना सांगतात. ती सवड मिळत नाही हा भाग वेगळा.

हाच खेळ आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा झाला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९६२ साली सरकारी पदांसाठी 'पदनाम कोश' निघाला. त्याची त्या वेळी केवढी थट्टा झाली! 'बदनाम कोश' असे नावच त्याला पडले. गंमत अशी की, ज्या शब्दांना लोक हसले त्यांतले कित्येक आज तुम्ही-आम्ही बिनतक्रार वापरतो. अभियंता म्हटल्यावर आता कोणी हसत नाही. त्याच १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, पुढे १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली, आणि जुने अनुस्वार गेले. त्या अनुस्वारांसाठी हळहळणारे गुरुजी मी पाहिले आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना आता ते अनुस्वार कोठे होते हेही सांगता येत नाही. उलट, २०२४ साली तलाठ्याचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झाले; पण गारगोटीच्या बाजारपेठेत उभे राहून हे नाव विचारून पाहा, लोक तुम्हांला तलाठ्याकडेच पाठवतील. आणि सचिव पाहा! महाराजांचा सचिव पत्रे शुद्ध करीत असे. मंत्रालयातला सचिव खाते चालवतो. आणि दूध संस्थेचा सचिव पहाटे पाचला उठून फॅट काढतो. एकच नाव, तीन माणसे.

हे शेवटचे वाक्य मी गंमत म्हणून बोललो, पण ते गमतीवारी नेण्यासारखे नाही. एका वस्तूला दोन नावे असली तर घोटाळा होतो, पण तो दिसतो. अमात्य आणि मुजुमदार हे दोन शब्द समोर आले तर वाचणारा थांबतो, विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते. एका नावाच्या पोटात दोन वस्तू असल्या म्हणजे कोणीच थांबत नाही. दोघेही मान डोलावतात आणि दोघेही चुकतात. अशा चुका वळणाच्या भांडणात उजेडात येत नाहीत. तिकडे डोळे लागले असता इकडे घर फुटते.

परदेशातले एक उदाहरण घेऊ. चार्ल्स सिमोनी नावाचा एक हंगेरीत जन्मलेला प्रोग्रॅमकर्ता अमेरिकेत गेला. त्याने एक पद्धत काढली की, प्रत्येक नावाच्या आरंभी दोन-तीन अक्षरांचा शिक्का मारावा, आणि त्यावरून तो आकडा कोणत्या प्रकारचा आहे हे कळावे. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, म्हणून या पद्धतीलाही गमतीने हंगेरियन म्हणतात. आपल्या हजेरीपटावरही 'पाटील तुकाराम ज्ञानू' असेच असते, तेव्हा आपल्याला यात नवल वाटावयास नको. सिमोनीच्या मनात 'प्रकार' म्हणजे हा आकडा ओळी मोजतो की स्तंभ, असा होता. मायक्रोसॉफ्टमधल्याच दुसऱ्या मंडळींनी 'प्रकार' म्हणजे यंत्राच्या पोटात हा आकडा किती जागा घेतो, असा अर्थ धरला. दोन्ही गट एकच पद्धत पाळतो असे म्हणत राहिले. एकाचा शिक्का उपयोगाचा होता, दुसऱ्याचा नुसता ओझे होता, आणि अखेरीस त्या ओझ्याला कंटाळून पुष्कळांनी पद्धतच टाकून दिली. वाद नावांचा होता असे सगळ्यांना वाटले. खरा घोटाळा 'प्रकार' या एका शब्दात होता.

दुसरी गोष्ट याहून महाग पडली. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेने डिसेंबर १९९८ मध्ये एक यान सोडले. ते २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचले आणि नाहीसे झाले. चौकशीत काय निघाले? यान बांधणाऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम धक्क्याचा जोर पौंडांच्या मापात लिहून देत होता. यान चालविणारे तोच आकडा न्यूटनच्या मापात वाचत होते. दोन्ही मापांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. नाव तेच, आकडा तोच, कागद तोच, आणि महिनोन्‌महिने दोघेही भागीदार बिनधास्त.

आमच्या दप्तरात अशी याने रोज बुडत होती. १७७२ चा पावसाळा घ्या, ज्या वर्षाच्या कार्तिकात थोरले माधवराव पेशवे गेले तो. या एका पावसाळ्याला पंचांगी शके १६९४ म्हणतो. छत्रपतींचा कारकून राज्याभिषेक शक ९९ लिहितो. पेशव्यांच्या दप्तरात शुहूर सन असतो ११७३, तोही आकड्यात नव्हे तर अरबी शब्दांत: सलास सबैन मया व अलफ, म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार. आणि जमाबंदीचा माणूस फसली सन ११८२ धरतो. शुहूर आणि फसली यांत नऊच वर्षांचे अंतर, आणि दोन्ही आकडे दिसावयास भावाभावांसारखे. वर नुसते 'सन' लिहिले असले तर वाचणाराने करावे काय? सबैनऐवजी तिसैन वाचला गेला की वीस वर्षांनी चुकलो. खाजगी पत्रांत तर पुष्कळदा 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा दिवस दिलेला असतो आणि वर्ष मुळीच नसते. लिहिणाराला वर्ष ठाऊक होते, वाचणाराला ठाऊक होते, मग शाई कशाला नासायची! रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. त्या खंडांत संपादकाने कंसात घातलेल्या तारखा पाहिल्या म्हणजे न लिहिलेल्या एका शब्दापायी किती डोकी शिणली असतील याची कल्पना येते. आणि आपण जुन्या कारकुनाला हसावे तर १९९९ साली जगभरच्या प्रोग्रॅमकर्त्यांची धावपळ उडाली ती तरी कशाने? वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची काटकसर त्यांनीही केलेली होती.

आता घराजवळ येतो. आपल्यापैकी पुष्कळांनी आजोबांच्या वेळचा सात-बारा जपून ठेवला असेल. त्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे. १.२० लिहिले असेल तर तो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. आजच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आणि तेथे १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. मधला तो ठिपका जुन्या कागदात दोन मापांमधला नुसता आडपडदा होता; नव्या कागदात तो दशांशाचा झाला. जुन्या पद्धतीचे १.२० आणि १.३० कोणा शिकल्यासवरल्या मुलाने यंत्रात घातले तर बेरीज २.५० येईल, आणि खरी बेरीज आहे तीन एकर दहा गुंठे. यंत्राचा दोष काही नाही. ज्याने ठिपका दिला आणि ज्याने वाचला, त्यांचे आपसात बोलणे झाले नव्हते.

नावांचेही तेच. हाताने लिहिलेले सात-बारे संगणकात चढविले गेले, तेव्हा कोठे दत्तूचा दत्तात्रय झाला, कोठे दत्तात्रयाचा दत्तात्रेय झाला. माणूस एकच, पण वारसनोंदीच्या वेळी मुलाला तीन नावांची एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. महसूल अधिनियमाचे कलम १५५ हे लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे; ते किती उपयोगी पडले हे या तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. माझ्या एका नातेवाईक बाईंचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर नुसते 'बाई' असे होते. तिच्या वाटणीचे शेत तिच्या नावावर चढण्यास सात वर्षे लागली. चढले तेव्हा ती ते पाहावयास होती, एवढे दैव म्हणावयाचे.

दोन माणसांची लेखणी मुळीच भांडत नाही असे कधी होते का? होते, पण क्वचित. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संस्थेत १९६९ पासून युनिक्स ही व्यवस्था उभी केली. आज आपल्या खिशातले फोन ज्या पायावर चालतात तो पाया त्यांनी घातलेला आहे. थॉम्पसनने पुढे एका भाषणात सांगितले की, दहा वर्षांच्या जोडकामात आमचा ताळमेळ चुकल्याचा एकच प्रसंग आठवतो: एकाच कामासाठी दोघांनी वीस ओळींचा प्रोग्रॅम वेगवेगळा लिहिला होता. ताडून पाहिले तर दोन्ही अक्षरशः एक निघाले! अशी जोडी लाखात एक. बाकीच्यांना कित्त्याचाच आधार.

या सगळ्या गोष्टी मी त्या दोन पोरांना एकदम सांगितल्या नाहीत. आधी त्यांचे भांडण नेमके कशावरून पेटले ते विचारले. तेव्हा कळले की, नावे लांब की आखूड हा वाद तर होताच, पण चाचणी घेताना दहा दिवसांचे बिल चुकले होते. दोघांच्याही लिखाणात 'दर' हा शब्द होता. एकाच्या मनात दर म्हणजे त्या दिवशीच्या फॅटवरून निघालेला प्रत्यक्ष लिटरचा भाव. दुसऱ्याच्या मनात दर म्हणजे ठरलेल्या किमान फॅटचा मूळ भाव, ज्यात पुढे चढउतार करावयाचा. चढउतार दोनदा झाला. सगळ्या प्रोग्रॅममध्ये हे एकच नाव असे होते की, ज्याबद्दल त्यांचे भांडण झाले नव्हते. चूक पकडली ती संस्थेत दूध घालणाऱ्या एका म्हातारीने. कागद हाती न घेता, बोटांवर मोजून ती म्हणाली, एवढे पैसे माझ्या म्हशीने उभ्या जन्मात दिले नाहीत.

मी त्यांना घरातल्या वहीचे एक पान फाडून दिले आणि सांगितले, डाव्या बाजूला नाव लिहा, उजव्या बाजूला त्याचा अर्थ, माप आणि कोण भरणार ते लिहा. ज्याच्यावर दोघांचे एकमत आहे ते आधी लिहा, कारण तेच तपासावयाचे आहे. आठ दिवसांनी दोघे पान भरून घेऊन आले. लांब-आखूडचा वाद मिटला होता. लांबवाल्याने थोडे कापले होते, आखूडवाल्याने थोडे सोडले होते. 'दर'चे तीन तुकडे होऊन तीन नावे झाली होती. तारखेत दिवस आधी की महिना आधी हे ठरले होते, नाहीतर ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे पुढे कोणी कंसात घालीत बसले असते.

एक ओळ मात्र कोरी होती. माझा विद्यार्थी म्हणत होता, दूध घालणाऱ्याला 'सभासद' म्हणावे. भागीदार म्हणत होता, 'उत्पादक' म्हणावे. मला वाटले, पुन्हा वळणाचाच वाद. पण त्यांनी संस्थेचे रजिस्टर दाखविले. सभासद म्हणून नाव होते नवऱ्याचे. धार काढणारी, कॅन डोक्यावर घेऊन पहाटे संस्थेत येणारी आणि पुस्तकावर अंगठा उठविणारी होती बायको. बिलाचे पैसे ज्याच्या नावाने निघणार ते नाव त्या कोऱ्या ओळीत लिहावयाचे होते. दोघांनी ती ओळ मजसमोर धरली. मी म्हणालो, हे नाव तुमचे नाही आणि माझेही नाही. संस्थेच्या सभेत विचारा, आणि सभेला बायकाही बोलवा. ती सभा अजून व्हावयाची आहे.